सगुणेच्या अंगणातलं गवत

खूप खूप पूर्वीची गोष्ट. त्या काळी राज्यं लहान होती आणि माळ मोठे होते. अशाच एका माळाच्या काठाला एक गाव होतं. गावाच्या अगदी टोकाला, जिथं घरं संपून नुसतं गवत सुरू व्हायचं, तिथं म्हाळू आणि त्याची बायको सगुणा राहत असत.

म्हाळू हा राजाच्या कुरणाचा राखणदार. यंदा माळाच्या कुठल्या बाजूला गुरं-मेंढरं सोडायची, कुठली बाजू मोकळी ठेवायची, वणवा दिसला तर कुणाला हाका मारायच्या, हे सगळं तो बघायचा. दिवसभर माळावर हिंडायचा आणि संध्याकाळी परतताना काहीतरी घेऊन यायचा. इतरांचे नवरे बाजारातून बांगड्या आणत, खाऊ आणत. म्हाळू आणायचा गवताचा ठोंब. मुळांना ओली माती चिकटलेला, पळसाच्या पानात गुंडाळलेला.

पहिल्यांदा आणला तेव्हा सगुणा हसली होती.

"अहो, गवत कुणी आणून लावतं का? लोक ते उपटायला माणसं लावतात."

"लाव तर खरं," म्हाळू म्हणाला. "आणि थंडी पडेपर्यंत थांब."

तिनं लावला. थंडी पडली तेव्हा त्या ठोंबाला तुरे आले. संध्याकाळचं ऊन त्यांच्यामागून आलं आणि एकेका तुऱ्याची कड चमकायला लागली. सगुणा हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली. चुलीवरची भाजी करपली, तेव्हा कुठे ती भानावर आली.

तेव्हापासून ते अंगण गवताचं झालं. दुसऱ्यांच्या दारात झेंडू होता, शेवंती होती. यांच्या दारात तांबूस दांड्यांचा पवना होता, जांभळट तुऱ्यांचा मारवेल होता. नुसता हात लागला तरी बोटांना दिवसभर वास राहील अशी तिखाडी होती. न्हाणीचं पाणी जायचं तिथं वाळा होता. कुसळीसुद्धा होती. तिची टोकं सगुणेच्या लुगड्याला चिकटायची आणि ती कुरकुरत एकेक काढत बसायची.

म्हाळूची या गवताची रीत सोपी होती. पाणी जेमतेम. शेणखत नाही. दोन ठोंबांच्या मध्ये वारं खेळेल एवढी जागा. वाळलेले तुरे थंडीभर तसेच ठेवायचे, कारण मुनिया नावाची इवली पाखरं त्यांतलं बी वेचायला येतात. उन्हाळा सरत आला की विळ्यानं सगळं वीतभर उंचीवर कापून टाकायचं. काही वर्षांनी एखादा ठोंब फार पसरला की तो कुदळीनं काढायचा आणि फोडून विरळ करायचा. हे शेवटचं काम तो एकटाच करायचा. सगुणा तेव्हा घरात असायची. काढलेला भाग तो उकिरड्यावर टाकत असेल असं तिला वाटायचं.

थंडीच्या संध्याकाळी गावातली माणसं येऊन त्यांच्या अंगणाच्या बुटक्या भिंतीवर बसत. कुणी फार बोलत नसे. वारा आला की सगळं अंगण एका बाजूला झुके आणि परत उभं राही. माणसं ते बघत आणि अंधार पडला की घरी जात.

मग एका वर्षी म्हाळूला ताप आला. गावात ताप बऱ्याच जणांना आला होता. त्यातले बरेचजण उठले, म्हाळू उठला नाही.

त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले. शेजारणी सगुणेला भेटायला येत राहिल्या. त्यांतली एक अंगणात बसून तिचं सांत्वन करत होती. बोलता बोलता तिच्या नकळत तिचा हात बाजूच्या ठोंबाकडे गेला आणि तिनं एक तुरा तोडला. बोलता बोलताच तो बोटांत चुरगाळला.

सगुणा ताडकन उठली. "तुम्ही घरी जा," ती म्हणाली.

"अगं, काय झालं?"

"घरी जा म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सगुणेनं बाभळीचे काटेरी फास ओढून आणले आणि त्या बुटक्या भिंतीवर सगळीकडून रचले. आता तिथं कुणाला बसता येत नव्हतं. फाटकालाही तिनं काटे लावले. थोडे दिवस लोक वाटेवरून वाकून बघत. मग तेही थांबले.

त्यानंतर सगुणा त्या गवताबरोबर एकटी राहिली.

ती त्याची फार काळजी घेऊ लागली. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. आडावरून एकेक घागर आणून ती ठोंबांच्या बुंध्याशी ओतायची. स्वतःच्या जेवणाची हेळसांड करायची, पण गवताला शेणखत घालायला विसरायची नाही. फक्त एक गोष्ट ती करेना. उन्हाळा सरत आला तरी तिनं विळा हातात घेतला नाही. या पात्यांना शेवटचा हात म्हाळूचा लागला होता. ती कशी कापायची?

ती गवताशी बोलायची. दुसरं कोण होतं? म्हाळूला घरात शिरण्याआधी उंबऱ्यात खाकरायची सवय होती. आता सगुणा आडावरून परतली की स्वतःच उंबऱ्यात खाकरायची आणि मग आत शिरायची. तेवढं केलं की घर अगदीच मुकं वाटत नसे.

वर्षं गेली. गवत वाढलं, पण कसं? खत-पाणी पिऊन ते उंच झालं, मऊ झालं आणि आपल्याच भारानं कोलमडलं. जुनं वाळकं नव्यावर पडलं, त्याच्यावर आणखी पडलं. तुरे कमी झाले. बी नाही म्हणून मुनिया यायच्या थांबल्या. सगुणेला वाटायचं, पाणी कमी पडत असेल. ती आणखी एक घागर आणायची.

याच काळात शेजारच्या राज्याशी लढाई झाली आणि राजाच्या फौजेचा तळ त्या माळावर पडला. तळ लवकर उठला नाही. घोड्यांनी गवत बुडख्यापर्यंत खाल्लं. हत्तींच्या आणि गाड्यांच्या वाटा पडल्या. चुलींसाठी जमीन उकरली गेली, राहुट्यांच्या मेखांनी तिची चाळण झाली. पुढे तह झाला आणि फौज निघून गेली. मागे राहिला भुंडा, तुडवलेला माळ. पाऊस आला, पण धरून ठेवायला मुळंच नव्हती, म्हणून वरची माती वाहून गेली. माळावर टाकळा उगवला. तो गुरं तोंडात धरत नाहीत.

गावाच्या पलीकडे धनगरांची वस्ती होती. त्यांची मेंढरं त्या कुरणावर जगत. त्या साली कोकरं दूध न मिळाल्यानं आयांच्या पोटाशी मरून पडू लागली. धनगरांनी बैठक घेतली आणि दूरच्या मुलखात कायमचं जायचं ठरवलं.

निघायच्या आधी वस्तीवरची म्हातारी ठकूबाई सगुणेच्या दारात आली. काट्यांच्या बाहेर काठी टेकून तिनं हाक मारली.

"सगुणे, आहेस का गं?"

मग सगुणा बाहेर आली. पण तिनं फाटक उघडलं नाही.

"काय काम आहे, ठकूमावशी?"

"भीक मागायला आलेय. साऱ्या माळावर गवताची काडी उरली नाही. पवना, मारवेल, काय म्हणशील ते गेलं. उरलंय ते तुझ्या अंगणात. थोडे ठोंब दे. पावसाच्या तोंडावर लावून बघतो. धरले तर आम्हाला हा मुलूख सोडावा लागणार नाही."

सगुणेचा चेहरा कठीण झाला. "ते देता येणार नाही."

"सगळं नको गं. थोडंसं."

"थोडं असो की सगळं. त्यांनी लावलेलं आहे ते. मी त्याला कुदळ लावू देणार नाही. त्यांचं एवढंच तर राहिलंय माझ्याकडे."

ठकूबाईनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "म्हाळबा इथून ठोंब न्यायचा, ठाऊक आहे ना तुला?"

"कुठून? इथं आणायचे ते. माळावरून."

"माळावरून इथं, ते तुला दिसलं. इथून माळावर, ते मी बघितलंय. मेंढरं घेऊन मी ओढ्याकडं असायची आणि तो पाटी भरून फोडलेले ठोंब घेऊन यायचा. जिथं गवत विरळ झालं असेल तिथं लावत बसायचा. मी एकदा विचारलं, घरची बाग कशाला मोडतोस बाबा? तर म्हणाला, मावशी, हे गवत एका जागी दाबून ठेवलं की मधनं मरतं. फोडत राहावं लागतं."

"मला नाही बोलले कधी."

"तुला काय सांगायचं त्यात? त्याला ते रोजचंच काम." ठकूबाईनं काट्यांतून आत नजर टाकली. आडव्या पडलेल्या, पिवळ्या पडलेल्या त्या ढिगाकडे बघून तिनं हलक्या आवाजात विचारलं, "ठोंबांच्या आत हात घालून बघितलास का गं कधी एवढ्यात?"

सगुणेला राग आला. ती घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मेंढरांचा आवाज आला. धनगर निघाले होते. घोड्यांवर भांडीकुंडी लादलेली, डालग्यात कोंबड्या, कडेवर मुलं. पूर्वी या वाटेनं कळप गेला की म्हाळूला हाक दिल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. आज सगळे खाली मान घालून गेले. हाक कुणीच मारली नाही.

सगुणा अंगणात उभी होती. धूळ खाली बसली. सगळीकडे इतकं शांत झालं की तिला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. म्हातारीचा तो प्रश्न तिच्या मनात सलत होता. तिला तो खोटा ठरवायचा होता. ती पवन्याच्या सगळ्यात मोठ्या ठोंबापाशी गुडघ्यावर बसली. हा म्हाळूनं सगळ्यात आधी आणलेला. तिनं वाळकी पाती बाजूला केली आणि आत हात घातला.

आत काहीच नव्हतं.

हात सरळ मातीला लागला. कुजलेली, काळी, आंबूस वासाची माती. जुनी मुळं बोटांत भुगा होऊन आली. हिरवं होतं ते फक्त काठाकाठानं, एखाद्या कड्यासारखं. तिनं मारवेल बघितला. तेच. तिखाडीत वाळवी लागली होती. ती एकेका ठोंबापाशी जाऊन हात घालत राहिली आणि प्रत्येक ठिकाणी मधोमध पोकळी निघत गेली.

ती तिथंच मातीत बसली आणि रडली. म्हाळू गेला त्या दिवशी लोकांच्या गर्दीत तिला नीट रडताही आलं नव्हतं. आज मात्र ऐकायला कुणी नव्हतं. मग डोळे पुसून ती उठली, हातांना ओरखडे येत असतानाच तिनं फाटकावरचे काटे ओढून काढले आणि वाटेला लागली.

कळप फार लांब गेला नव्हता, पण सगुणेला पळायची सवय उरली नव्हती, आणि ओरडायची तर नाहीच. तिनं हाक मारली तेव्हा आवाज फाटला. पुन्हा मारली.

"ठकूमावशी! थांबा! ठोंब घेऊन जा!"

सगळ्यात मागून चाललेली ठकूबाई वळली. धापा टाकत सगुणा तिच्यापर्यंत पोचली आणि तिनं तिचा पदर धरला.

"मधनं मेलंय सगळं, मावशी. मीच मारलं. रोज पाणी घालून घालून मारलं."

"काठाचं जिवंत आहे ना?" ठकूबाईनं विचारलं.

"काठाचं आहे."

"मग चल. रडायला पुढं वेळ मिळेल."

काही घरं थांबली, बाकीचे कळप पुढे गेले. अंगणात कुदळी आल्या. पण पवन्याच्या त्या ठोंबाला दुसऱ्या कुणी हात लावायला सगुणा तयार नव्हती. तिनं स्वतः विळा घेतला आणि कितीतरी वर्षांचं साठलेलं वाळकं कापून बाजूला टाकलं. खाली बुडखे उघडे पडले. मग कुदळ उचलली. पहिला घाव तिच्यानं बसेना. कुणी घाई केली नाही. तिनं परत कुदळ उचलली आणि डोळे मिटून घातली. मुळं तुटल्याचा कर्र असा आवाज झाला. डोळे उघडले तर फुटलेल्या काठाला पांढरी, ताजी, ओली मुळं लोंबत होती.

"बघ," ठकूबाई म्हणाली. "यांना फक्त जागा पाहिजे होती."

पाऊस सुरू झाला तेव्हा ते ठोंब माळावर गेले. ओढ्याच्या दोन्ही अंगांना, उतारावर, जिथं थोडी माती उरली होती तिथं. सगुणा लावत गेली आणि तिच्या मागोमाग ठकूबाई पायानं माती दाबत गेली. गावातलीही माणसं आली. भिंतीवर बसून गवत बघणारी तीच माणसं. सगुणेनं हाकलून दिलेली शेजारीणही होती. तिनं सगुणेकडे न बघताच तिच्या हातातली पाटी घेतली. सगुणेनंही ती सोडली.

पाऊस ओसरल्यावर ठकूबाईच्या वस्तीला निघावं लागलं. नवीन गवतावर मेंढरं सोडली असती तर सगळंच मातीत गेलं असतं.

"येते गं," ठकूबाई म्हणाली. "माळ हिरवा झाला की येते."

यानंतरचे दिवस सगुणेला पूर्वीपेक्षाही जड गेले. अंगण उघडं पडलं होतं. चार-दोन लहान ठोंब ठेवले होते, बाकी नुसते खड्डे. बोलायला गवतही राहिलं नव्हतं. रोज ती माळावर जायची. कितीतरी ठोंब जळून गेलेले दिसत. काही सशांनी कुरतडले, काही उतारावरून वाहून गेले. मेलेले उपटून ती जिवंत ठोंबांतून फोडून काढलेले नवे तिथं लावायची. त्या एवढ्या मोठ्या उघड्या माळावर ती एकटी वाकलेली दिसायची. वारा यायचा, पण वाऱ्याबरोबर हलायला काही नव्हतं. कधी कधी ती उगाच उभी राही आणि कोणता ठोंब म्हाळूच्या हातचा हे आठवायचा प्रयत्न करी. आठवत नसे. सगळे सारखेच दिसत. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा ती पुन्हा एकेका ठोंबाजवळ जाऊन बघत राहिली. पुढे पुढे तिनं आठवायचं सोडून दिलं.

तो हिवाळा असाच गेला. पुढच्या पावसाळ्यात धरलेले ठोंब फुटले, त्यांच्या बुडाशी नव्या कोंबांची पिलं निघाली. त्याच्याही पुढच्या वर्षी, थंडी पडू लागल्यावर, ओढ्यापासून उतारापर्यंत तांबूस-जांभळा तुऱ्यांचा पट्टा उभा राहिला. मुनियांचे थवे त्यात उतरले. राजाचा कारभारी येऊन बघून गेला आणि कुरणाची राखण त्यानं सगुणेकडे सोपवली.

एका दुपारी माळाच्या कडेला मेंढरं दिसली. सगुणा धावत गेली. कळपापुढे ठकूबाईची सून होती. सगुणेनं कळपात नजर फिरवली, मग घोड्यांकडे बघितलं.

"ठकूमावशी कुठे आहेत?"

सून म्हणाली, "आत्याबाई वाटेतच गेल्या. मागल्या उन्हाळ्यात. जाईपर्यंत विचारत होत्या, माळ हिरवा झाला का म्हणून. आम्हाला काय ठाऊक? आम्ही होय म्हणून सांगितलं."

सगुणेनं तिचा हात धरला आणि तिला कमरेएवढ्या गवतातून आत नेलं. ओढ्याकाठी, ठकूबाईनं जिथं माती दाबली होती त्या जागी, दोघी खाली बसल्या. सून रडायला लागली. सगुणेनं तिला उगी राहा म्हटलं नाही. ती तिच्याजवळ बसून राहिली, ऊन कलेपर्यंत.

"खोटं नाही सांगितलं तुम्ही," शेवटी ती म्हणाली. "त्या विचारत होत्या तेव्हा हिरवा व्हायला लागला होता. आज माझ्याकडे जेवायला चला सगळे."

त्या दिवशी सगुणेच्या घरात कितीतरी वर्षांनी मोठ्या पातेल्यात आमटी शिजली.

पुढे दरवर्षी धनगर आपल्या मुलखात परतत राहिले. गावातल्या घराघरांनी दारात एकेक ठोंब लावला, आणि सगुणा घरोघर जाऊन, जास्त पाणी घालणाऱ्या बायकांना रागावत राहिली. एकटेपणा तिचा पुरता गेला, असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी ऊन तुऱ्यांमागून यायचं तेव्हा तिला म्हाळू आठवायचाच. पण आता ती त्याच्याबद्दल कुणाशी तरी बोलू शकत होती.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: गेलेल्या माणसाची ठेव कवटाळून बसलं तर ती आतून मरते, चारचौघांत वाटली तर ती जगते आणि आपल्यालाही जगवते.